कोकणातल्या हॉलसाठी युरोपातला ग्लुलॅम मागवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळ स्वतःच्या बागेत १० मीटर रुंद आणि २४ मीटर लांब, बाजूंनी उघडा असा कार्यक्रमांचा हॉल बांधायचा आहे. लोखंडी शेड नको, छप्पर लाकडी हवं, वर मंगलोरी कौलं. ऑस्ट्रियातल्या एका कारखान्याने ग्लुलॅमचा, म्हणजे फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या तुळयांचा, दर न्हावा शेवापर्यंत सीआयएफ (माल, जहाजाचं भाडं आणि विमा धरून) दिला आहे. व्हिएतनाममधून एलव्हीएलच्या, म्हणजे पातळ पापुद्रे चिकटवून केलेल्या, तुळयांचा दर आलाय, तो जवळपास निम्मा आहे. कुठला घ्यावा, ड्युटी किती बसेल, आयएसआय लागतो का, आणि फसू नये म्हणून काय बघावं, असं विचारलं आहे.

मी बावीस वर्षं लाकूड आणि बोर्ड आयात करतो. सुरुवात शटरिंग प्लायपासून झाली. गेली आठ-नऊ वर्षं थोड्या प्रमाणात बांधकामाचा ग्लुलॅमही आणतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही, त्यामुळे मापं आणि ताण यांवर शेवटचा शब्द तुमच्या इंजिनिअरचा. पण कुठल्या गोष्टी कुठे अडतात हे मी बंदरावर आणि साइटवर उभं राहून बघितलं आहे, तेवढं सांगतो.

आधी प्रश्न थोडा बदलून घेऊ. तुम्ही दोन दर शेजारी ठेवून बघताय, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दोघांपैकी एकाही विक्रेत्याने तुम्हाला कुडाळच्या पावसाबद्दल विचारलेलं दिसत नाही. खरा निर्णय तिथे आहे. लाकूड कुठल्या दमट हवेत उभं राहणार, हे ठरल्याशिवाय घनमीटरचा दर निरर्थक आहे.

युरोपच्या लाकडी बांधकामाच्या नियमात, म्हणजे युरोकोड ५ मध्ये, जागेचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग कोरड्या, बंदिस्त इमारतीचा. तिथे २० अंश तापमानाला हवेची आर्द्रता वर्षातले थोडेच आठवडे ६५ टक्क्यांच्या वर जाते. दुसऱ्या वर्गात हीच मर्यादा ८५ टक्के. त्याच्यावर गेलात की तिसरा वर्ग, म्हणजे जवळजवळ उघड्यावरचं लाकूड. आता सिंधुदुर्गातला पावसाळा आठवा. मृगापासून हस्तापर्यंत आर्द्रता आठवड्यामागून आठवडे ८५ च्या वर असते, आणि तुमचा हॉल बाजूंनी उघडा आहे. म्हणजे छपराखाली असूनही ते लाकूड दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या काठावर बसतं. कारखान्याने दिलेली मापं बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाची असतील, कारण त्यांचं रोजचं गिऱ्हाईक तसं आहे.

फरक किती पडतो ते आकड्यात बघा. लाकडावर सतत भार राहिला की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. ग्लुलॅमसाठी हा वाढीचा गुणक पहिल्या वर्गात ०.६, दुसऱ्यात ०.८ आणि तिसऱ्यात थेट २ आहे. कायमच्या भाराखाली एखादी तुळई सुरुवातीला १५ मिलिमीटर वाकली, तर शेवटी ती पहिल्या वर्गात २४, दुसऱ्यात २७ आणि तिसऱ्यात ४५ मिलिमीटरपर्यंत जाते. पत्र्याच्या छपराला हे कदाचित चालून जाईल. मंगलोरी कौलांचं वजन मात्र बारा महिने तेरा काळ वर असतं. आढं लवलं की कौलांची रांग बिघडते आणि नेमकी तिथून गळती सुरू होते. ताकदीचंही तसंच आहे. जीएल२४एच या ग्रेडमधले २४ म्हणजे वाकवताना सोसायचा वैशिष्ट्यपूर्ण ताण, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. कायमच्या भाराला तिसऱ्या वर्गात त्यातले वापरायला मिळतात ०.५ भागिले १.२५ या हिशेबाने फक्त ९.६.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती तुमच्या इंजिनिअरला जरूर दाखवा. आपलं लाकडी बांधकामाचं मानक, आयएस ८८३, हे परवानगीयोग्य ताणाच्या पद्धतीने चालतं, म्हणजे त्यातल्या आकड्यांत सुरक्षिततेचा भाग आधीच वजा केलेला असतो. युरोपचा २४ हा आकडा तसा नाही. तो उचलून आयएसच्या सूत्रात टाकला तर तुळई कागदावर फार मजबूत दिसते आणि प्रत्यक्षात बारीक निघते. हे मी एका चांगल्या, अनुभवी माणसाच्या गणितात बघितलं आहे. त्याचा दोष म्हणता येणार नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकडावर बंदी घातली आणि ती २०२० मध्ये उठवली. त्या सत्तावीस वर्षांत घडलेल्या इंजिनिअरांच्या बहुतेक पिढीच्या हातून लाकडी छप्पर गेलंच नाही. तेव्हा गणित युरोकोडने करायचं तर सगळं युरोकोडने करा, आयएसने तर सगळं आयएसने.

मग स्प्रूसचा ग्लुलॅम कोकणात चालतच नाही का? चालतो, पण काही अटींवर. ऑस्ट्रियाचा बहुतेक ग्लुलॅम स्प्रूसचा असतो. हे लाकूड हलकं, सरळ, कामाला गोड; पण टिकाऊपणात कमी, आणि वाळवीला त्याचा काही अटकाव नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की स्प्रूस औषध पीत नाही. प्रेशर टाकीत घातला तरी औषध वरच्या थरातच राहतं. म्हणून ‘ट्रीटमेंट करून देतो’ असं विक्रेता म्हणाला तर किती मिलिमीटर आत गेलं ते विचारा. औषध खरंच आत हवं असेल तर पाइनचा ग्लुलॅम मागा. पाइनच्या बाहेरच्या लाकडात, म्हणजे रसकाष्ठात, औषध नीट उतरतं. न्यूझीलंडकडचा रेडिएटा पाइन त्यासाठीच वापरतात.

दुसरी अट पट्ट्यांच्या जाडीची. ग्लुलॅम म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या फळ्या. युरोपच्या ईएन १४०८० या मानकात दमट वर्गासाठी एका फळीची जाडी जास्तीत जास्त ३५ मिलिमीटर ठेवायला सांगितली आहे, कारण जाड फळी ओली-सुकी होताना सरसाच्या रेषेवर जास्त जोर काढते. कारखान्याचा नेहमीचा माल ४० मिलिमीटरच्या फळ्यांचा असतो. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं नाही तर तोच येणार, आणि त्यात फसवणूक काहीच नसेल. सीएलटी, म्हणजे आडव्या-उभ्या थरांचे मोठे पॅनेल, तुमच्या प्रश्नात नाहीत. पण कोणी सुचवले तर उघड्या पडवीसाठी घेऊ नका, ते मुळात पहिल्या दोन वर्गांसाठीच आहेत.

तिसरी अट तुमच्या आजोबांनाही ठाऊक होती. वळचण मोठी ठेवा, झड आत येऊ देऊ नका, खांबाचं लाकूड जोत्याला टेकवू नका. लाकूड आणि चिरा यांच्यामध्ये पोलादी बूट आणि हवेची फट असली पाहिजे. कुडाळ समुद्रापासून फार लांब नाही, तेव्हा बोल्ट-स्क्रू निदान चांगल्या जस्ताच्या थराचे घ्या, आणि जिथे नंतर हात पोचणार नाही तिथे ३१६ स्टेनलेसचे. वाळवीसाठी जोत्याच्या मातीची प्रक्रिया आयएस ६३१३ प्रमाणे बांधकामाच्या आधीच होऊ द्या, नंतर होणारी प्रक्रिया कायम अर्धवट राहते. एवढं सगळं केलंत तर प्रत्यक्ष हवा दुसऱ्या वर्गाची मिळेल. गणित मात्र तिसऱ्या वर्गाचंच धरा, असं माझं मत आहे. लाकूड थोडं जास्त लागेल, झोप चांगली लागेल.

आता व्हिएतनामच्या एलव्हीएलकडे येऊ. एलव्हीएल म्हणजे सोललेल्या पातळ पापुद्र्यांची, सगळे तंतू एकाच दिशेला ठेवून चिकटवलेली तुळई. वस्तू उत्तम आहे. पण व्हिएतनाममधून बाहेर पडणाऱ्या एलव्हीएलचा मोठा भाग पॅकिंगचा असतो, म्हणजे पॅलेट आणि खोकी करण्यासाठी. निलगिरी किंवा अकेशियाचे पापुद्रे, युरियाचा सरस. फोटोत तो आणि बांधकामाचा एलव्हीएल सारखेच दिसतात, आणि दोघांचंही नाव एलव्हीएलच. तुम्हाला आलेला निम्मा दर बघून मला हीच शंका येते. तिथे चांगले कारखानेही आहेत, जे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ४३५७ या मानकाप्रमाणे बांधकामाचा माल करतात. त्यांचा दर निम्मा नसतो.

ओळखायचं कसं? हातभर लांबीचा तुकडा मागवा. कडेने बघा. फिनॉलिक सरसाची रेषा गडद तपकिरी, जवळपास काळी दिसते. युरियाची फिकट असते. फिकट रेषा म्हणजे वाईटच असं नाही, कारण ग्लुलॅममध्ये वापरतात तो मेलामाइन सरसही फिकट असतो. म्हणून पुढची पायरी करायची. तुकड्याचा चार बोटं रुंद काप काढून घरच्या मोठ्या पातेल्यात उकळत ठेवा, वर जड झाकण, पाणी कमी झालं की घालत राहा. आमच्या वखारीत मागच्या खोलीत गॅसची शेगडी याच कामासाठी आहे. युरियाचा माल असेल तर पहिल्या एक-दोन तासांत कडेचे पापुद्रे सुटायला लागतात, पाणी दुधट होतं, आणि बाहेर काढून अंगठ्याने रेटलं की ओल्या पुठ्ठ्यासारखे थर वेगळे होतात. चांगल्या फिनॉलिकच्या मालाला दिवसभर काही होत नाही. आपल्या मरीन प्लायच्या आयएस ७१० मध्ये ७२ तास उकळण्याची चाचणी आहे, त्यावरून अंदाज येईल. ही घरगुती चाचणी पास झाली म्हणून माल बांधकामाचा ठरत नाही, पण नापास झाली तर पुढचं बोलणं थांबवायला ती पुरेशी आहे.

आयएसआयचं सांगतो, कारण यात लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. फेब्रुवारी २०२५ पासून प्लायवूड, फ्लश दरवाजे आणि लाकडी बोर्ड यांच्यावर केंद्राचे गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाले. त्यात येणारा माल परदेशातून आणायचा असेल तर त्या परदेशी कारखान्याकडे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना असावा लागतो. परवाना कारखान्याला मिळतो, आयात करणाऱ्याला किंवा मधल्या व्यापाऱ्याला नाही. ‘आमच्याकडे सीई आहे’, ‘आमच्याकडे कार्ब आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. सीई हा युरोपचा शिक्का, कार्ब हा कॅलिफोर्नियाचा फॉर्माल्डिहाइडचा नियम. दोन्ही उपयोगी, पण आपल्या कस्टम्सला हवा तो आयएसआय. ग्लुलॅम या यादीत नाही. एलव्हीएलला आपला स्वतःचा आयएस १४६१६ आहे, त्यामुळे तुमच्या नेमक्या मालाला आदेश लागू होतो का, हे क्लिअरिंग एजंटकडून ऑर्डरच्या आठवड्यात लेखी घ्या, कारण हे आदेश आणि त्यांच्या तारखा बदलत राहतात. छपरावर कौलांखाली फळ्यांऐवजी प्लाय घालणार असाल तर तो आयातीच्या भानगडीत न पडता इथलाच आयएसआय छाप घ्या. बाहेरून आणून त्यात एक रुपया वाचत नाही.

या सगळ्याचं मूळ एचएस कोडमध्ये, म्हणजे कस्टम्सने मालाला दिलेल्या वर्गीकरण क्रमांकात आहे. २०२२ पर्यंत ग्लुलॅमला स्वतःचं घर नव्हतं, तो कधी एका तर कधी दुसऱ्या शीर्षकाखाली यायचा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या यादीत ४४१८.८१ ग्लुलॅमला, ४४१८.८२ सीएलटीला आणि ४४१८.८३ आय आकाराच्या तुळयांना मिळाला. एलव्हीएल मात्र ४४१२ मध्ये, प्लायवूडच्या शेजारी, ४४१२.४१ पासून पुढे आहे. म्हणजे तुमचे दोन दर दोन वेगळ्या शीर्षकांचे आहेत आणि त्यांना लागणारे कागदही वेगळे आहेत. इनव्हॉइसवर नुसतं ‘लॅमिनेटेड वुड’ लिहून पाठवू देऊ नका. माझा एक कंटेनर केवळ याच दोन शब्दांमुळे अकरा दिवस अडकला होता. माल बरोबर, पैसे भरलेले, पण अधिकाऱ्याला तो प्लायवूड वाटला. बीआयएसच्या आदेशाआधीचा तो काळ होता म्हणून अकरा दिवसांवर निभावलं. आज तोच प्रसंग फार महाग पडेल. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), तिन्हींवर एकच वर्णन हवं: ग्लू लॅमिनेटेड टिंबर, लाकडाची जात, मानक, ग्रेड, मापं.

ड्युटीचा हिशेब सोपा आहे, पण क्रम लक्षात ठेवा. सीआयएफ किंमत १०० धरू. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर १० रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे १ रुपया. झाले १११. या १११ वर आयजीएसटी १८ टक्के धरला तर १९.९८. एकूण १३०.९८. दर त्या दिवसाचे बघून घ्या, पद्धत हीच राहील. व्यापारी असतो तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळालं असतं. पण तुम्ही स्वतःसाठी स्थावर बांधकाम करताय, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते क्रेडिट रोखलेलं आहे. हॉल भाड्याने देणार आहात म्हणून क्रेडिट मिळेल अशी आशा कोणी दाखवली तर आधी तुमच्या सीएला विचारा. म्हणजे तुमच्यासाठी ते जवळपास वीस रुपये खर्चच आहेत, आणि दरांची तुलना करताना ते धरलेच पाहिजेत. व्हिएतनामच्या मालाला आसियान करारामुळे कमी शुल्क लागतं असं विक्रेता सांगेल. ती सवलत फॉर्म एआय या मूळ देशाच्या दाखल्यावर मिळते, पण २०२० च्या नियमांनंतर माल खरोखर तिथेच तयार झाला याची माहिती आयात करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची असते. दाखला त्यांचा असला तरी उद्या प्रश्न विचारला जाईल तो तुम्हाला.

आता ज्या गोष्टीने तुमचा आराखडाच बदलू शकतो ती. कंटेनर. तुमचं छप्पर मी ढोबळ मांडून बघितलं. दर तीन मीटरला एक जोडी धरली तर नऊ जोड्या, अठरा मुख्य वासे. उतार ३० अंश आणि वळचण सव्वा मीटरच्या आसपास धरली की एक वासा ७.२ मीटर लांब होतो. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर असतो. म्हणजे ४० फुटी घ्यावा लागणार. वासा १६० बाय ४८० मिलिमीटरचा धरला तर अठरा वाशांचं लाकूड जेमतेम १० घनमीटर भरतं. ४० फुटी कंटेनरमध्ये याच्या चौपट माल सहज बसतो. तुम्ही हवेचं भाडं भरणार. शिवाय ४० फुटी ट्रेलर तुमच्या बागेपर्यंत वळणार नाही, तो मुख्य रस्त्यावर रिकामा करून छोट्या गाडीत माल भरावा लागेल.

पण वासा खांबांच्या रेषेवरच थांबवला तर? पाच मीटर भागिले ३० अंशांची कोसाइन, म्हणजे ५.७७ मीटर. २० फुटी कंटेनरमध्ये बसतो. लाकूड ८ घनमीटरवर येतं. आणि वळचण वेगळ्या जोडतुकड्यांनी करायची, इथल्याच किंजळीच्या किंवा ऐनाच्या, वाहतूक पास असलेल्या लाकडाच्या. मला ही रचना दुसऱ्या एका कारणासाठी जास्त आवडते. पावसाचा सगळा मार वळचणीच्या टोकाला बसतो. पंधरा-वीस वर्षांनी ते टोक कुजलं तर गावातला सुतार तो जोडतुकडा बदलून देईल, तुमच्या ग्लुलॅमला हात लावावा लागणार नाही. ग्लुलॅम पूर्णपणे छपराच्या सावलीत राहील. खांबांच्या डोक्यावर जोड आणि वाशाचा बाहेरचा रेटा ओढून धरणारी पोलादी सळई कशी बसवायची, ते इंजिनिअरने सोडवायचं. लहान कंटेनर निवडला म्हणून जोड कच्चा करू नका, एवढंच. आढं तुकड्यांत येऊ शकतं.

पॅकिंगबद्दल दोन गोष्टी, दोन्ही मी पैसे भरून शिकलो. पहिली बाहेर काढण्याची. कारखान्यात लांब तुळया मागून ढकलून कंटेनर भरतात. आपल्याकडे सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर रिकामे करायच्या गोदामात, दार उघडलं तेव्हा आत अकरा मीटर लांब गठ्ठे, दोन्ही बाजूंना हात घालायला जागा नाही, आणि फोर्कलिफ्टच्या माणसाने सरळ टोकाला साखळी बांधून ओढायला घेतलं. मी धावत पोचेपर्यंत दोन तुळयांच्या खालच्या कडा दाबल्या गेल्या होत्या, आणि दाबल्या गेल्या त्या नेमक्या जिथे त्या खांबावर टेकायच्या तिथेच. तेव्हापासून ऑर्डरमध्ये लिहितो: गठ्ठे लाकडी घसरपट्ट्यांवर ठेवा, प्रत्येक गठ्ठ्याला ओढायचा पट्टा बाहेर काढून ठेवा, आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक लावा. जमलं तर वरून उघडा कंटेनर मागवा, क्रेनने माल सरळ वर निघतो. त्या घसरपट्ट्या आणि आधाराची लाकडं यांवर आयएसपीएम १५ चा (पॅकिंगच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवा, म्हणजे ती गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेली असली पाहिजेत. आधाराला सालीसकट एखादं लाकूड लावलं असेल तर प्लांट क्वारंटाइन त्या एका ओंडक्यासाठी सगळा कंटेनर थांबवू शकतं. ग्लुलॅमचा स्वतःचा उष्णता-प्रक्रियेचा किंवा फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचा, दाखलाही माल निघतानाच मागून ठेवा, जहाज सुटल्यावर तो मिळवणं फार कठीण.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. तुळया कारखान्यातून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात. जुलैत आलेला एक माल आम्ही साइटवर तसाच, गुंडाळलेला, ताडपत्रीखाली ठेवला, धूळ लागू नये म्हणून. पंधरा दिवसांनी उघडलं तर खालच्या पृष्ठभागावर निळसर काळे ठिपके, वास कुबट, ओलाव्याचा मीटर लावला तर १२ टक्क्यांऐवजी १९-२०. वरून ऊन, आतून वाफ, आणि खाली साचलेलं पाणी. आता माल आला की त्याच दिवशी प्लास्टिकची खालची बाजू लांबीभर चिरतो. वर छत राहतं, खालून हवा फिरते. आणि मुळात जून ते सप्टेंबर या काळात माल बंदरात येऊच देत नाही. ऑस्ट्रियाचा माल बहुधा कोपर किंवा हॅम्बुर्गमधून निघतो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून येऊ लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. बुकिंग करताना मार्ग विचारा. दिवाळीच्या आत ऑर्डर पक्की झाली तर माल फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येईल आणि मृगाच्या आधी कौलं चढतील. त्यात उशीर झाला तर घाई करू नका, सरळ पुढच्या हंगामावर टाका.

शेवटी पैसे आणि विमा. ‘सीआयएफ न्हावा शेवा’ वाचून बरेच जण समजतात की न्हावा शेवापर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. तसं नाही. भाडं आणि विमा तो भरतो, पण माल जहाजावर चढला की धोका तुमचा. आणि इन्कोटर्म्स २०२० (व्यापाराच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेत्यावर बंधन आहे ते सर्वांत कमी संरक्षणाच्या, क्लॉज सी प्रकारच्या विम्याचं. लाकूड भिजणं त्यात जवळपास येतच नाही. कंटेनरच्या मालासाठी सीआयपी (विक्रेता वाहतूक आणि विमा भरतो ती) अट घ्या, त्यात क्लॉज ए चा, म्हणजे सर्वांत व्यापक, विमा येतो. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडणार असाल तर एक गोष्ट मनात पक्की ठेवा: बँक कागद बघून पैसे देते, लाकूड बघून नाही. म्हणून तुम्हाला जे हवं ते कागदांच्या यादीतच घाला. सरसाच्या रेषेच्या चाचणीचा त्या बॅचचा अहवाल, निघतानाच्या ओलाव्याची नोंद, पट्टीची जाडी ३५ मिलिमीटर असल्याचं पत्र, आणि कंटेनर भरतानाचे फोटो. स्क्रू आणि पोलादी जोड त्याच कंटेनरमध्ये मागवले तर इनव्हॉइसवर त्यांची वेगळी ओळ हवी; त्यांचं शीर्षक वेगळं आहे, आणि त्यांच्या कागदात खोट निघाली तर तुमचं लाकूडही त्यांच्याबरोबर बसून राहतं.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: निम्म्या दराचा एलव्हीएल सध्याच्या माहितीवर घेऊ नका. ऑस्ट्रियाचा ग्लुलॅम घ्यायला हरकत नाही, पण मिळालेल्या दरावर सही करू नका. वासा ५.७७ मीटरचा होतो का ते इंजिनिअरकडून तपासा, हॉल दमट वर्गाचा धरून गणित करून घ्या, आणि नव्या मापांवर दोन दर मागवा, एक स्प्रूसचा आणि एक औषध दिलेल्या पाइनचा. आणि हे सगळं करूनही १३१ रुपयांचा हिशेब परवडला नाही, तर इथल्या सागवानाच्या किंवा किंजळीच्या कैच्यांवर छप्पर उभं करण्यात काहीच कमीपणा नाही. दहा मीटरचा गाळा जुन्या सुतारांनीही पेलला आहे.

तुमच्या हाताशी अजून एक पावसाळा आहे असं प्रश्नावरून दिसतं. त्याचा उपयोग करा. दोन्ही विक्रेत्यांकडून दोन हात लांबीचे तीन-तीन तुकडे मागवा, टोकांना रंग न लावलेले. एक तुकडा जुन्या घराच्या वळचणीखाली टांगा, एक पडवीत भिंतीपासून वीतभर लांब, आणि एक जिथे हॉलचं जोतं येणार तिथे चिऱ्यावर ठेवा. दर रविवारी पिनांचा ओलावा मीटर लावून आकडा वहीत लिहा, तुकड्याच्या टोकाला नाही, मध्यावर. गणपतीपर्यंत दहा-बारा नोंदी होतील. पडवीतला तुकडा २० टक्क्यांच्या आत राहिला का, आणि चिऱ्यावरच्याला वाळवीने हात घातला की नाही, हे दोन्ही कळवा. मग पट्टीची जाडी आणि लाकडाची जात यांवर पुढचं नेमकं बोलता येईल.